पाणीपट्टी आणि मलनिस्सारण आकार: दर काढताना छेद कुठे चुकतो?

ताळेबंद (धागाकर्ता)

पाण्याचा दर वाढवायचा की नाही यावर सभागृहात तासन्‌तास वाद होतात, पण मुळात तो दर काढला कसा, हे फारसं कोणी विचारत नाही. खर्चाचा आकडा बहुतेक वेळा ठीक असतो, कारण तो लेखापरीक्षणातून गेलेला असतो. चुकतो तो भागाकाराचा छेद. म्हणून एक काल्पनिक शहर घेऊन पूर्ण गणित मांडतो. रकमेला कुठलंही चलन लावत नाही, नुसतं 'मुद्रा' म्हणतो. नाहीतर पहिल्याच प्रतिसादात "आमच्याकडे वीज स्वस्त आहे" असा फाटा फुटतो.

शहर रोज सरासरी २० दशलक्ष लिटर पाणी सोडतं, म्हणजे वर्षाला ७३ लाख घनमीटर. त्यातलं बिलात येतं ५१.१ लाख. उरलेलं ३० टक्के बेहिशेबी. नळजोडण्या ३०,०००.

वर्षाचा खर्च, लाख मुद्रांत: वीज २६०, रसायने ४०, पगार २२०, दुरुस्ती ११०, मीटर वाचन आणि बिलिंग ५०, मुख्य कार्यालयाचा हिस्सा ४०. बेरीज ७२०. त्यावर कर्जाचा हप्ता (मुद्दल आणि व्याज दोन्ही) १६०, आणि जुन्या वाहिन्या, पंप, मीटर बदलण्यासाठी १४०. एकूण १०२०. जोडणी शुल्क आणि विलंब आकारातून येणारे २० वजा केले की दरातून उभे करायचे १००० लाख.

इथे एक सापळा आहे. हप्त्यातलं मुद्दल धरलं असेल तर त्याच मालमत्तेचा घसारा पुन्हा धरायचा नाही. एक तर रोखीची पद्धत घ्या (हप्ता + नूतनीकरण), नाहीतर घसारा + भांडवलावरचा परतावा. दोन्ही मिसळले की एकाच पाइपाचे पैसे लोकांकडून दोनदा घेतले जातात.

आता भागाकार. १००० लाख भागिले ७३ लाख = १३.७० मुद्रा. प्रस्तावांमध्ये "पाण्याचा उत्पादन खर्च" म्हणून झळकतो तो हाच आकडा. या दराने बिलं काढली तर ५१.१ लाख घनमीटरवर ७०० लाख जमतात. तीनशे लाखांचा खड्डा पहिल्या दिवशीच पडतो आणि वर्षभर "वसुली कमी झाली" म्हणत बसावं लागतं. बरोबर छेद बिलात येणाऱ्या पाण्याचा: १९.५७ मुद्रा.

वसुलीही याच छेदात यायला हवी, पण बेताने. चालू मागणीच्या ९२ टक्के वसूल होतात म्हणून ०.९२ ने भागायचं नाही. उशिरा का होईना येणारे पैसे हा खेळत्या भांडवलाचा प्रश्न आहे, दराचा नाही. कधीच येणार नाहीत असे समजा ३ टक्के असतील, तर १९.५७ भागिले ०.९७ = २०.१८. सगळी थकबाकी दरात घातली तर वेळेवर भरणारा न भरणाऱ्याचं बिल कायमचं भरत राहतो. (खालची आकडेमोड सोपी राहावी म्हणून हे ३ टक्के बाजूला ठेवतो.)

शेवटी कर्ज देणारा जे बघतो ते बघायचं: उत्पन्न १०२० (दरातून १००० आणि इतर २०) वजा चालू खर्च ७२० = ३००, भागिले हप्ता १६० = १.८८. करारांत साधारण १.२५ च्या आसपास मागतात, त्यामुळे इथे अडचण नाही.

---

पंपघर

गणित बरोबर. पण विजेचे २६० लाख बिलावरून जसेच्या तसे उचलू नका, आधी पडताळा.

१ घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला सिद्धांताने ०.२७२५ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर ०.४२. उद्‌भवापासून टाकीपर्यंत एकूण उचल, घर्षण धरून, १४० मीटर असेल तर ०.५९ युनिट. गुणिले ७३ लाख = साधारण ४३ लाख युनिट. बिलात ५५ लाख दिसत असतील तर वरचे १२ लाख युनिट हा दरवाढीचा विषय नाही, दुरुस्तीचा आहे. नेहमीची कारणं: वेअर रिंग झिजून पाणी पंपाच्या आतच फिरतं, पंप गरजेपेक्षा मोठ्या हेडचा (उचलीचा) घेतलाय आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा आवळून चालवतात, पॉवर फॅक्टर पडून दंड बसतो, वीज कंपनीशी करारात ठरवलेली मागणी प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त आहे.

रसायनांचंही तसंच. १ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा म्हणजे दर दशलक्ष लिटरला १ किलो. क्लोरीन २ मात्रेने २० दशलक्ष लिटरला ४० किलो रोज, तुरटी २५ मात्रेने ५०० किलो रोज. भांडाराच्या नोंदवहीत याच्या दीडपट खप दिसला तर आधी तिथे बघा.

---

चिकित्सक

मला धाग्याच्या मूळ विधानावरच आक्षेप आहे. छेदात ५१.१ लाख घेतले म्हणजे ३० टक्के गळती-चोरीचा सगळा भार प्रामाणिक ग्राहकावर टाकला. ज्यांनी पाइप दुरुस्त करायचे त्यांना काहीच झळ नाही. मग ते कशाला दुरुस्त करतील?

---

ताळेबंद

रास्त आक्षेप. त्यावर चालणारा उपाय असा की दरासाठी गळतीचं उद्दिष्ट धरायचं, प्रत्यक्ष आकडा नाही. समजा २० टक्के. मग छेद ५८.४ लाख आणि दर १७.१२. राहिलेली तूट (साधारण १२५ लाख) संस्थेने आपल्या सर्वसाधारण निधीतून भरायची, आणि ती अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसली पाहिजे. जिथे नियामक असतो तिथे तो हेच करतो. नियामक नसेल तर सभागृहाने ठरावात उद्दिष्ट आणि वर्ष लिहावं. मात्र निधीत पैसे नसताना १७.१२ लावला तर पहिली कात्री दुरुस्तीच्या ११० ला लागते, आणि दोन वर्षांत गळती ३५ टक्के होते.

---

पंपघर

बेहिशेबी पाण्याचे दोन तुकडे केल्याशिवाय त्याची किंमत काढू नका. २१.९ लाख घनमीटरपैकी समजा १३ लाख खरी गळती आणि ८.९ लाख मीटरचं कमी मोजणं, बंद मीटर, चोरटी जोडणी.

खरी गळती थांबवली तर वाचते फक्त वीज आणि रसायनं. वीजबिलातला मागणी आकार (करारातल्या मागणीवरचा) स्थिर असतो. तो वगळला तर बदलता खर्च साधारण २६० लाख, म्हणजे घनमीटरला ३.५६. १३ लाख × ३.५६ = ४६ लाख. दुसऱ्या तुकड्यातलं पाणी ग्राहकाने वापरलेलंच आहे, त्याची किंमत विक्रीदराने धरायची. म्हणून पैशाची चणचण असेल तर आधी मीटर, मग पाइप. पाण्याचीच चणचण असेल, म्हणजे वाचलेला प्रत्येक घनमीटर दुसरीकडे विकला जाणार असेल, तर गळतीलाही विक्रीदर लावा. मग क्रम उलटतो.

गळती किती हे अंदाजाने सांगू नका. २४ तास पुरवठा असेल तर रात्री २ ते ४ चा किमान प्रवाह मोजा, त्यातून रात्रीचा खरा वापर वजा करा. पण तो आकडा थेट २४ ने गुणू नका. रात्री दाब जास्त असतो, त्यामुळे गळतीही जास्त. दिवसाच्या दाबाप्रमाणे कमी करून घ्या. पुरवठा ठरावीक तासच असेल तर ही पद्धत चालत नाही. तिथे विभागाच्या तोंडाशी मीटर लावून त्याच मुदतीतल्या घरमीटरांच्या बेरजेशी ताळा घालावा लागतो.

---

तोटी

मीटरबद्दल दोन गोष्टी, कारण छेद तिथूनच जन्मतो.

गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक मिटत आला की शेवटचं पाणी थेंबाथेंबाने येतं. एवढा बारीक प्रवाह मीटर मोजत नाही. क्यू३ (मीटरचा कायम चालणारा प्रवाह) २.५ घनमीटर प्रति तास आणि आर (क्यू३ भागिले भरवशाने मोजता येणारा किमान प्रवाह) ८० असलेला मीटर ताशी ३१ लिटरच्या खाली भरवशाचा नाही, आर १६० असेल तर १५.६ लिटरपर्यंत चालतो. खरेदीच्या निविदेत नुसतं "१५ मिमी मीटर" लिहिलं की स्वस्त आर ८० येतात आणि पुढची दहा वर्षं दरात भोगावं लागतं. मीटर आडवा बसवायचा असताना उभा किंवा तिरका बसवला तरी खालची अचूकता जाते.

उलट बाजू: तुटक पुरवठ्यात पाणी सुटताना पाइपातली हवा मीटर फिरवते. ग्राहकाची तक्रार तिथे खरी असते. उंच टोकांना एअर व्हॉल्व्ह नसतील तर मीटर बदलून काही होत नाही.

बंद मीटरला "मागील सरासरी"ने बिल देणं दोन बिलांपुरतंच ठेवा. त्यापुढे सरासरी चालू राहिली की मीटर बंद ठेवणंच ग्राहकाला परवडतं. अनेक गावांत बंद मीटर वाढत जातात ते याच कारणाने, यंत्र खराब निघाल्यामुळे नव्हे.

---

निर्झर

स्थिर आकार किती ठेवावा? वरच्या हिशेबात बदलता खर्च २६ टक्केच आहे, मग ७४ टक्के स्थिर आकारातून घ्यायचे का?

---

ताळेबंद

खर्चाच्या रचनेप्रमाणे तसं म्हणता येईल, पण कोणी तसं करत नाही आणि करूही नये. नळ बंद ठेवला तरी तीन चतुर्थांश बिल येणार असेल तर वाचवायचं कशाला? बऱ्याच ठिकाणी उत्पन्नाचा पाव ते एक तृतीयांश भाग स्थिर आकारातून येतो.

इथे ३५ टक्के धरतो, म्हणजे ३५० लाख. तो सगळ्यांना सारखा वाटायचा नसतो, मीटरच्या क्षमतेप्रमाणे वाटायचा. १५ मिमी = १, २० मिमी = १.५, २५ मिमी = २.५, ४० मिमी = ५, ५० मिमी = ८. ही गुणोत्तरं मीटर सुरक्षितपणे किती प्रवाह सोडू शकतो यावरून आली आहेत. व्यासाच्या थेट प्रमाणात नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आपल्या शहरात १५ मिमीच्या २८,५००, २० च्या १,०००, २५ च्या ३००, ४० च्या १२०, ५० च्या ८०. १५ मिमीच्या मीटरांत सममूल्य: २८,५०० + १,५०० + ७५० + ६०० + ६४० = ३१,९९०. ३५० लाख भागिले (३१,९९० × १२) = महिना ९१ मुद्रा. पाण्याचा दर ६५० भागिले ५१.१ = १२.७२.

---

तोटी

बिलिंगचे ५० लाख यातून वेगळे काढा. ५० मिमीच्या मीटरचं बिल छापायला आठपट कागद लागत नाही. ५० लाख भागिले (३०,००० × १२) = प्रत्येक बिलावर १३.९०. उरलेले ३०० लाख सममूल्यावर, म्हणजे ७८.१५. घराला ९२ च्या आसपासच येतात, पण ५० मिमीवाल्याला ७२९ ऐवजी ६३९. मोठा ग्राहक हरकत घेतो तेव्हा हा फरक उपयोगी पडतो.

---

ताळेबंद

ही विभागणी जास्त चांगली, हीच घ्या.

---

चिकित्सक

आणि गरिबाचं काय? ६ घनमीटर वापरणाऱ्या घराला ९२ + ७६ = १६८, म्हणजे घनमीटरला २८. ३० घनमीटर वापरणाऱ्याला ९२ + ३८२ = ४७४, घनमीटरला १५.८. जो कमी वापरतो त्याला पाणी पावणेदोनपट महाग. याला न्याय म्हणायचं?

---

निर्झर

म्हणूनच टप्पे असतात. पहिला टप्पा स्वस्त, पुढचे महाग.

---

तोटी

टप्पे हा रामबाण उपाय नाही. तीन ठिकाणी फसतात.

एक: एका मीटरवर चार कुटुंबं. प्रत्येकाचा वापर ८ घनमीटर, बेरीज ३२, आणि सगळी सर्वांत महाग टप्प्यात. भाड्याच्या खोल्या आणि चाळी इथेच मार खातात. टप्प्याची मर्यादा सदनिकांच्या संख्येने गुणायची सोय बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी. त्यासाठी मालमत्ता विभागाची यादी जोडावी लागते आणि खरं काम तिथेच अडतं.

दोन: चढता दर फक्त वरच्या पाण्याला लावायचा की सगळ्याला? २० घनमीटरपर्यंत १० आणि पुढे १६ असा दर घ्या. २० ला बिल २००. सगळ्या पाण्याला वरचा दर लावला तर २१ ला एकदम ३३६. टप्प्याटप्प्याने लावला तर २१६. पहिली पद्धत वापरू नका. एका घनमीटरसाठी १३६ वाढले की वाचन करणाऱ्यालाच "आकडा जरा खाली घे" असं सांगितलं जातं.

तीन: वाचन ३० ऐवजी ३७ दिवसांनी झालं तर टप्प्याची मर्यादाही ३७/३० ने वाढवायची. २० चे २४.६७. हे केलं नाही तर उशीर कार्यालयाचा आणि भुर्दंड ग्राहकाला.

टप्प्यातून किती पैसे येतील हे काढताना वर्षभराची सगळी बिलं घ्या. पहिल्या १० घनमीटरच्या टप्प्यात किती पाणी आहे? प्रत्येक बिलातला वापर किंवा १०, यातला लहान आकडा, त्यांची बेरीज. "ज्यांचा वापर १० च्या आत आहे त्यांचं पाणी" असं मोजलं की पहिल्या टप्प्याचं पाणी फार कमी दिसतं, कारण ४० वापरणाराही पहिले १० स्वस्तातच घेतो. उत्पन्नाचा अंदाज इथून फुगतो.

---

हरकतदार

टप्प्यांचे दर कशावर ठरवायचे? मनाने ठरवलेले टप्पे न्यायालयात टिकतीलच असं नाही. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रस्ताव २१८ प्रमाणे सेवेच्या खर्चापेक्षा जास्त आकारता येत नाही. २०१५ मध्ये सॅन ह्वान कॅपिस्ट्रानो शहराचे चढते दर अपील न्यायालयात याच मुद्द्यावर पडले. टप्पे असणं बेकायदा ठरलं नाही. प्रत्येक टप्प्याचा दर त्या पाण्याच्या खर्चाशी कसा जुळतो, ते शहराला दाखवता आलं नाही.

---

पंपघर

दाखवता येतं. मागणीचे तीन आकडे लागतात. समजा सरासरी दिवस २०, सर्वाधिक मागणीचा दिवस २८, सर्वाधिक मागणीचा तास (दिवसाच्या हिशेबात) ४० दशलक्ष लिटर.

जलशुद्धीकरण केंद्र आणि मुख्य वाहिनी सर्वाधिक दिवसासाठी बांधलेली असते. तिच्या खर्चातला २०/२८ = ७१.४ टक्के भाग मूळ मागणीचा, २८.६ टक्के चढाचा (सरासरीच्या वर जाणाऱ्या मागणीचा). वितरण वाहिन्या सर्वाधिक तासासाठी: ५० टक्के मूळ, २० टक्के दिवसाच्या चढाचे, ३० टक्के तासाच्या चढाचे. आता चढ कोणामुळे येतो ते बघा. वर्षभर ८ घनमीटर वापरणाऱ्या घरामुळे येत नाही, उन्हाळ्यात बाग शिंपणाऱ्यामुळे येतो. चढाचा खर्च वरच्या टप्प्यांवर, मूळ खर्च सगळ्या पाण्यावर. यातून निघणारा फरक बहुधा दीड ते दोनपट असतो. पाचपट दर लावायचा तर त्याला दुसरं काही कारण लिहावं लागेल, उदाहरणार्थ जास्तीचं पाणी दूरच्या महाग उद्‌भवातून आणावं लागतं.

आगीच्या बंबासाठी राखलेली क्षमता यात घालू नका. ती मालमत्तेच्या रक्षणासाठी आहे, तिचा खर्च मालमत्ता करातून. तसंच शहराची उद्यानं, कार्यालयं, अग्निशमन यांना मीटर लावून बिल पाठवा, भरणारं खातं त्याच संस्थेचं असलं तरी.

---

ताळेबंद

गरिबांच्या मुद्द्यावर चिकित्सक यांना: सवलत पाण्याच्या दरातून द्यायची की माणसाला द्यायची, असा तो प्रश्न आहे. दोन्हीची उदाहरणं आहेत.

दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून घरटी महिना ६,००० लिटर मोफत दिले. आकडा आला तो माणशी २५ लिटर × ८ माणसं × ३० दिवस असा. आठपेक्षा मोठं कुटुंब किंवा एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की तो अपुरा पडतो, वर तोटी यांनी सांगितलेला पहिला मुद्दा तोच. चिलीने उलट रस्ता घेतला. दर पूर्ण खर्चाचा ठेवला आणि पात्र कुटुंबाच्या बिलाचा २५ ते ८५ टक्के भाग, १५ घनमीटरच्या मर्यादेपर्यंत, सरकार भरतं. पाणी कंपनीचा हिशेब स्वच्छ राहतो, पण पात्रतेची यादी चालवणारी यंत्रणा लागते.

यादी करणं शक्य नसेल तर मधला उपाय: १५ मिमीच्या जोडणीत पहिले ४-५ घनमीटर स्थिर आकारातच सामावून घ्यायचे. कमी वापरणाऱ्याचा सरासरी दर पुष्कळ खाली येतो. जे गमावलं ते पुढच्या घनमीटरांच्या दरात घाला, आणि किती गमावलं ते लिहून ठेवा.

---

निर्झर

दर वाढला की लोक पाणी कमी वापरतील, मग उत्पन्न पुन्हा घटेल. त्याचं काय?

---

ताळेबंद

घटतं, म्हणून ते आधीच गणितात घ्यायचं. घरगुती वापराची लवचिकता (दर १ टक्का वाढला की वापर किती टक्के बदलतो ते) −०.२ धरू. दर २५ टक्के वाढला तर वापर ५ टक्के कमी: ५१.१ चे ४८.५. १२.७२ ने येतात ६१७ लाख, हवे होते ६५०. कमी पाणी उपसल्याने साधारण ९ लाख वाचतात. म्हणजे दर (६५० − ९) भागिले ४८.५ = १३.२० ठेवावा लागतो.

जर्मनीत माणशी घरगुती वापर १९९० साली रोज १४७ लिटर होता, पुढच्या दोन दशकांत तो १२० च्या आसपास आला. पाइप मात्र तेवढेच जाड राहिले. पाणी वाहिनीत साचून राहू नये म्हणून काही भागांत ते मुद्दाम सोडून वाहिन्या धुवाव्या लागल्या. खर्च जवळपास तेवढाच, छेद लहान, दर चढता. केप टाउनने जुलै २०१८ पासून जोडणीच्या आकारावर स्थिर आकार लावला, तेही दुष्काळात वापर कोसळल्यानंतर. वापर पडायच्या आधी लावला असता तर "पाणी वाचवलं म्हणून दंड" असा ओरडा कमी झाला असता, असं माझं मत.

---

मैलाचा दगड

सगळे पाण्यावरच थांबलात. मलनिस्सारणाचा दर "पाणीपट्टीच्या ५० टक्के" असा ठोकून देतात, त्याला कसलाच आधार नसतो. मांडतो.

भुयारी गटाराच्या जोडण्या असलेल्यांना बिल झालेलं पाणी ४० लाख घनमीटर. त्यातलं ८५ टक्के गटारात येतं असं धरू: ३४ लाख. पण प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी मोजलं तर ४६ लाख. मधले १२ लाख म्हणजे फुटक्या सांध्यांतून शिरलेलं भूजल आणि चेंबरमधून घुसलेलं पावसाचं पाणी. खर्च ४६ लाखांच्या उपशाचा, बिल ३४ लाखांचं. ताळेबंदांचा छेदाचा मुद्दा इथे उलट्या दिशेने येतो: पाण्यात जेवढं सोडलं त्यापेक्षा कमी बिलात, गटारात जेवढं बिलात त्यापेक्षा जास्त केंद्रावर.

वर्षाचा खर्च ४२० लाख. तो चार भागांत: प्रवाह ४५ टक्के (वाहिन्या, उपसा केंद्रं) = १८९, बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) ३० टक्के (हवा भरणारे ब्लोअर, त्यांची वीज) = १२६, तरंगते घन पदार्थ २० टक्के (गाळ हाताळणी) = ८४, ग्राहक खर्च ५ टक्के = २१. टक्केवारी प्रत्येक केंद्राची वेगळी येईल. ब्लोअरला वेगळा वीजमीटर नसेल तर आधी तो लावा, नाहीतर ३० टक्के हा नुसता अंदाज.

प्रवाहाचा दर १८९ भागिले ३४ = ५.५६ प्रति घनमीटर. केंद्रात सरासरी बीओडी २२० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ४६ लाख घनमीटरमध्ये १०.१२ लाख किलो. १२६ भागिले १०.१२ = किलोला १२.४५.

आता उपाहारगृह. त्याच्या सांडपाण्याचा बीओडी ६००. घरगुती पातळी समजा २८०. जास्तीचे ३२० मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला ०.३२ किलो, अधिभार ४ मुद्रा. घरगुती पातळी केंद्राच्या तोंडाशी मोजू नका. तिथे भूजल मिसळून पातळ झालेलं असतं. फक्त घरं असलेल्या गल्लीच्या मॅनहोलवर, २४ तासांचा मिश्र नमुना, कोरड्या दिवशी. २२० हीच घरगुती पातळी धरली तर उपाहारगृहाकडून जास्त पैसे घेतले जातात, आणि त्याचा सल्लागार ते दहा मिनिटांत शोधून काढेल. ताळा म्हणून: युरोपीय निर्देशात एका माणसाचा रोजचा बीओडी ६० ग्रॅम धरलाय. माणशी सांडपाणी २०० लिटर असेल तर ३०० येतो, १२० लिटर असेल तर ५००. पाणी कमी वापरणाऱ्या शहराचं सांडपाणी घट्टच असणार.

---

हरकतदार

कारखान्यांच्या सांडपाण्याचा आकार काढायचं ब्रिटनमधलं मॉग्डेन सूत्र हेच ना?

---

मैलाचा दगड

तत्त्व तेच, रचना वेगळी. तिथे कारखान्याच्या प्रत्येक घनमीटरला चार तुकडे: वहन, प्राथमिक प्रक्रिया, जैविक प्रक्रिया आणि गाळ. जैविक तुकडा कारखान्याच्या आणि सरासरी सांडपाण्याच्या सीओडीच्या (घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूच्या) गुणोत्तराने गुणतात, गाळाचा तुकडा घन पदार्थांच्या गुणोत्तराने. तिथे सीओडी वापरतात, कारण तो काही तासांत कळतो, बीओडीला पाच दिवस लागतात. शिवाय विषारी घटक असलेल्या पाण्याचा बीओडी फसवा कमी येतो, जंतूच मरतात म्हणून. रासायनिक कारखान्यांसाठी सीओडीच घ्या.

आणखी दोन छिद्रं. ज्यांची स्वतःची विंधन विहीर आहे ते पाणी विकत घेत नाहीत, पण गटारात सोडतातच. विहिरीच्या पंपावर मीटर, तो शक्य नसेल तर सदनिकांवर आकार. उलट बाजूला बर्फाचे कारखाने, बाटलीबंद पेयं, मोठ्या बागा: यांचं बरंच पाणी गटारात येतच नाही. त्यांना ८५ टक्के लावू नका, बागेला वेगळा उपमीटर द्या आणि त्यावर मलनिस्सारण आकार शून्य ठेवा.

पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जात असेल तर त्याचा खर्च पाण्याच्या वापरावर टाकणं चूक. जर्मनीतल्या पुष्कळ पालिका तो छप्पर आणि फरसबंद जागेच्या क्षेत्रफळावर आकारतात. वाहनतळाला नळ अर्धा इंचाचा असतो, पाऊस मात्र एकरभर.

---

निर्झर

दर लागू करायची तारीख आणि उत्पन्न यात काही फरक पडतो का?

---

ताळेबंद

खूप पडतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी दर लागू केला, बिल दोन महिन्यांनी निघतं, भरायला महिनाभर मुदत. त्या वर्षात नव्या दराची रोकड दहा महिन्यांच्या वापराचीच येते, उशिरा भरणारे धरले तर नऊ. अंदाजपत्रकात बारा महिने लिहिले की पहिल्याच वर्षी तूट. ठरावच तीन महिने लांबला तर उरलेल्या काळातून तेवढे पैसे काढायला वाढ बरीच मोठी लागते. म्हणून चालू खर्चाच्या ६० ते ९० दिवसांचा राखीव निधी नसेल तर दर बदलायच्या आधी तो उभा करायची तरतूद आराखड्यात हवी.

आठ वर्षं दर गोठवून मग एकदम दुप्पट करण्यापेक्षा दरवर्षी निर्देशांकाने बदल सोपा. निर्देशांक खर्चाच्या वाट्याप्रमाणे बनवा: या शहरात एकूण १०२० पैकी वीज २५.५ टक्के, पगार २१.६, हप्ता १५.७ (हा बहुधा स्थिर, त्याला वाढ लावू नका), बाकीच्याला सर्वसाधारण महागाई.

---

तोटी

पहिल्या बिलाचं एक राहिलं. दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, पण सगळ्यांचं वाचन १ तारखेला होत नाही. ६० दिवसांच्या बिलात ४२ दिवस जुन्या दराचे आणि १८ नव्या दराचे असतील तर वापर दिवसांच्या प्रमाणात वाटायचा: २० घनमीटरचे १४ आणि ६. स्थिर आकारही तसाच, आणि टप्प्यांच्या मर्यादा दोन्ही तुकड्यांना वेगवेगळ्या मोजायच्या. सॉफ्टवेअरला हे जमत नसेल तर ठरावात "अमुक तारखेनंतरच्या वाचनाला" असं न लिहिता "अमुक तारखेनंतर सुरू होणाऱ्या बिल मुदतीला" असं लिहा. काही दिवसांचं वाढीव उत्पन्न जातं, पण जुन्या वापराला नवा दर लावल्याच्या हरकती येत नाहीत.